‘गोळ्या बाधल्या’ म्हणून औषध सोडू नका!
कुष्ठरोगातील ‘रिअ‍ॅक्शन’ची ओळख

कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो, ही गोष्ट आता आपल्या भागात बहुतेकांना ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यात गोळ्यांचे पाकीट मोफत मिळते, सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत त्या रुग्णापासून इतरांना लागण होण्याचा धोका जवळजवळ संपतो. हे सारे खरे आहे. पण या चांगल्या बातमीबरोबर एक गोष्ट सांगायची राहून जाते, आणि ती न सांगितल्यामुळे काहींचे हात, काहींचे पाय, तर काहींचे डोळे जायबंदी होतात. उपचार व्यवस्थित चालू असताना मधेच एखाद्या दिवशी अंगावरचे चट्टे लालबुंद होतात, फुगतात, ताप येतो, कोपरामागची नस ठणकू लागते. रुग्ण म्हणतो, “डॉक्टर, गोळ्या बाधल्या.” शेजारीपाजारी म्हणतात, “रोग उलटला.” आणि त्याच दिवशी गोळ्यांचे पाकीट फळीवर जाऊन पडते.

या प्रकाराला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात. कुपवाड, सावळी, बामणोली या पट्ट्यात रुग्ण तपासताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो, म्हणून आजचे सदर त्यालाच दिले आहे. साधारण तीन रुग्णांपैकी एकाला केव्हा ना केव्हा रिअ‍ॅक्शन येऊ शकते. जंतूंचे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णांत हा संभव अधिक असतो. तेव्हा ही काही क्वचित दिसणारी गोष्ट नव्हे.

रिअ‍ॅक्शन म्हणजे काय?

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेतील डॉ. हॅन्सेन यांनी शोधून काढला. हा जंतू फार संथ. एकाचे दोन व्हायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. अंगात शिरल्यापासून चट्टा दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात. त्याला शरीराचे थंड भाग आवडतात. म्हणून तो त्वचेत, त्वचेजवळून जाणाऱ्या नसांत, नाकात आणि डोळ्यांच्या पुढच्या भागात मुक्काम करतो. (येथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे. मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणारी आणि त्वचेकडून स्पर्शाची बातमी आणणारी जी तार, तिला मी नस म्हणतो आहे.)

रिफाम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन ही औषधे जंतूंना मारतात. पण मेलेला जंतू लगेच शरीराबाहेर जात नाही. त्याचे अवशेष महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे ऊतींत पडून राहतात. शरीराची प्रतिकारशक्ती या अवशेषांवर एकाएकी तुटून पडली की त्या जागी सूज, लाली आणि वेदना निर्माण होते. हीच रिअ‍ॅक्शन. म्हणजे ही सूज जंतू वाढल्याची खूण नसते. शरीराने त्यांच्याविरुद्ध उघडलेली ती लढाई असते. अडचण एवढीच, की लढाई नसेच्या आत होते आणि लढाईत नस चिरडली जाते.

बोटातली अंगठी घट्ट असावी आणि बोट सुजावे, म्हणजे काय होते ते आपण जाणतो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या अरुंद खोबणीतून जी नस जाते, तिची सूज आल्यावर तशीच अवस्था होते. पसरायला जागा नसल्याने नस आतल्या आत दबते. हा दाब काही आठवडे राहिला तर करंगळी व शेजारचे बोट बधिर होते, पुढे वाकते, आणि मग ते सरळ होणे कठीण जाते.

रिअ‍ॅक्शन उपचारापूर्वी, उपचार चालू असताना किंवा उपचार संपल्यावरही येऊ शकते. काही रुग्णांच्या बाबतीत तर रिअ‍ॅक्शन आल्यामुळेच रोग पहिल्यांदा लक्षात येतो. तिचे मुख्य प्रकार दोन.

पहिला प्रकार : जुने चट्टे भडकतात

या प्रकारात आधीपासून असलेले चट्टे लाल, उंच आणि हाताला गरम लागू लागतात. काल सपाट असलेल्या चट्ट्याची कड आज बोटाला जाणवते. कधी हातापायावर, चेहऱ्यावर सूज येते. ताप बहुधा नसतो किंवा किरकोळ असतो, आणि रुग्ण एरवी हिंडता-फिरता असतो. म्हणूनच तो दुखणे अंगावर काढतो. मात्र नसांना सर्वांत जास्त धोका याच प्रकारात असतो.

उपचाराचे पहिले सहा महिने या प्रकाराचे खास दिवस. बाळंतपणानंतरचे काही महिनेही तसेच. माहेरी बाळंतपणाला आलेली मुलगी “हाताला मुंग्या येतात, पातेले सुटते” असे सांगू लागली, तर घरातल्या बायका अशक्तपणा म्हणून डिंकाचे लाडू देतात. लाडू जरूर द्यावेत, पण तिला पूर्वी कुष्ठरोगाचे औषध चालू होते का, हेही विचारावे.

दुसरा प्रकार : नव्या गाठी येतात

हा प्रकार अंगात जंतू पुष्कळ असलेल्या रुग्णांत दिसतो. डॉक्टर मंडळी त्याला ‘ईएनएल’ म्हणतात. यात जुने चट्टे जसेच्या तसे राहतात. चांगल्या दिसणाऱ्या त्वचेवर वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या, लालसर, दाबले असता दुखणाऱ्या गाठी घोळक्याने उठतात. चेहरा, दंड, मांड्या या त्यांच्या नेहमीच्या जागा. काही दिवसांत त्या निळसर होऊन जिरतात आणि दुसरीकडे नव्या उठतात.

या प्रकारात सारे अंगच आजारी पडते. हुडहुडी भरून ताप येतो, सांधे सुजतात, गळून गेल्यासारखे होते. डोळा लाल होऊन दुखतो, उजेड सहन होत नाही. पुरुषांत वृषण सुजून दुखतात. मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते, म्हणून लघवी तपासावी लागते. आपल्याकडे कृष्णेचा पूर ओसरला की गाळ कुठल्या गटारात आणि कुणाच्या उंबऱ्याशी बसेल ते सांगता येत नाही. जंतूंचे अवशेष आणि त्यांच्याविरुद्ध रक्ताने तयार केलेली द्रव्ये यांचाही असाच एक गाळ रक्तातून फिरतो आणि डोळा, सांधा, नस, मूत्रपिंड यांपैकी कुठेही जाऊन बसतो. हा प्रकार पुन्हा पुन्हा उलटतो. एखादा जंतुसंसर्ग, गरोदरपण, शस्त्रक्रिया किंवा मनावरचा मोठा ताण हे त्याचे निमित्त ठरू शकते.

गफलत कुठे होते?

रिअ‍ॅक्शन ओळखता येईल अशी एकही खात्रीची रक्ततपासणी अद्याप नाही. निदान डोळ्यांनी, बोटांनी आणि रुग्णाला नीट प्रश्न विचारूनच करावे लागते. त्वचेतील जंतूंची तपासणी, त्वचेचा तुकडा काढून केलेली तपासणी किंवा नसेची सोनोग्राफी यांची शंकेच्या वेळी मदत होते, पण पहिली शंका तपासणाऱ्याच्याच मनात यावी लागते. ती आली नाही तर पुढील चुका होतात.

लाल फुगलेला चट्टा म्हणजे ‘पित्त उठले’ असे समजतात. पित्ताच्या गांध्यांना खाज सुटते आणि काही तासांत त्या विरून जातात. रिअ‍ॅक्शनचा चट्टा बहुधा खाजत नाही आणि दिवसेंदिवस तिथेच राहतो.

पायावरची लाल सूज पाहून ‘धावरे’ म्हणतात. धावऱ्यात सूज बहुधा एकाच जागी असते आणि जखम, चीर असा जंतू शिरायचा रस्ता सापडतो. रिअ‍ॅक्शनमध्ये अनेक ठिकाणचे चट्टे एकाच वेळी भडकलेले दिसतात.

दुखऱ्या गाठींना गळवे समजून शेक देतात, कुणी चिरही देतात. ताप आणि सांधेदुखीला चिकुनगुनिया ठरवतात. पावसाळ्यात ही चूक फार सोपी. अशा वेळी त्वचेवर गाठी आहेत का, कुठे बधिर चट्टा आहे का, कोपरामागची नस जाड लागते का, या तीन गोष्टी पाहिल्या की वाट सापडते.

एमआयडीसीत यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचे कोपर दुखू लागले की तो ‘मुका मार लागला असेल’ असे धरून चालतो आणि मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणतो. गोळीने ठणका कमी होतो, नसेची सूज मात्र तशीच राहते. महिन्याभराने हातातला पाना सुटू लागतो, तापलेल्या पत्र्याचा चटका कळत नाही, तेव्हा तो दवाखान्याची पायरी चढतो. मधला तो महिना फार मोलाचा होता.

न दुखणारी नस

याहून फसवी गोष्ट म्हणजे, नस कधीकधी अजिबात न दुखता निकामी होत जाते. लाली नाही, ताप नाही, तक्रार नाही. म्हणून मी प्रत्येक रुग्णाला दर भेटीत, “काही त्रास नाही” असे त्याने सांगितले तरी, हातापायांची एक छोटी परीक्षा द्यायला लावतो. तिला यंत्र लागत नाही. खुर्ची, टेबल आणि बॉलपेन पुरते. घरच्या माणसांनीही ती शिकून घ्यावी.

डोळे : झोपल्यासारखे अलगद मिटायला सांगा. पापण्यांत फट राहते का ते पाहा.

करंगळी : तळहात वर करून हात टेबलावर ठेवा. करंगळी बाकीच्या बोटांपासून दूर न्यायला सांगा आणि आपल्या बोटाने हलकेच आत ढकला. ती टिकाव धरते का पाहा.

अंगठा : हात तसाच ठेवून अंगठा छताकडे सरळ उभा करायला सांगा आणि तसाच जोर लावून पाहा.

मनगट : मूठ मिटून मनगट वर उचलायला सांगा.

पाऊल : टाच जमिनीला टेकवून पाऊल वर उचलायला सांगा.

स्पर्श : रुग्णाला डोळे मिटायला सांगून तळहात व तळपायावर चार-चार ठिकाणी बॉलपेनच्या टोकाने अलगद टेकवा. त्वचेवर बारीकसा खळगा पडेल एवढाच दाब द्या. कुठे स्पर्श झाला ते त्याने बोटाने दाखवावे.

दोन्ही बाजूंची तुलना करा आणि तारीख घालून कार्डावर लिहून ठेवा. मागच्या महिन्यात करंगळी घट्ट होती, या महिन्यात ढिली आहे, एवढा एक फरक सापडला तरी तीच रिअ‍ॅक्शनची खूण समजावी. येथे एक हिशेब लक्षात ठेवण्याजोगा आहे. बधिरता किंवा कमजोरी येऊन सहा महिने उलटले नसतील, तर योग्य औषधाने ती भरून येण्याची आशा चांगली असते. त्यानंतर ती आशा कमी कमी होत जाते.

उपचार कोणता?

सर्वांत पहिली गोष्ट : कुष्ठरोगाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. जंतू मारण्याचे काम चालूच राहिले पाहिजे. रिअ‍ॅक्शनचे औषध त्याच्या जोडीला द्यायचे असते.

सौम्य रिअ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे चट्टे थोडे लाल झाले पण नस, डोळा, चेहरा यांना काही नाही अशा वेळी, विश्रांती आणि साधे वेदनाशामक औषध पुरते. मात्र नस दुखत असेल, नवी बधिरता किंवा कमजोरी आली असेल, चट्टा चेहऱ्यावर किंवा नसेवरच असेल, गाठी फुटत असतील, डोळा किंवा वृषण दुखत असतील, तर ती तीव्र रिअ‍ॅक्शन. तेथे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड द्यावे लागते. मोठ्या माणसाला वजन पाहून, साधारणतः दिवसाला ४० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून ते हळूहळू कमी करत नेतात. हा उपचार तीन ते सहा महिने चालतो. सुजलेल्या नसेचा हात किंवा पाय पट्टीने बांधून त्याला आराम देतात आणि दुखणे ओसरल्यावर व्यायाम देतात.

स्टिरॉइड हे दुधारी औषध आहे. मधुमेह, रक्तदाब, आम्लपित्त, क्षय यांची चौकशी केल्याशिवाय आणि पोटातील जंतांचे औषध दिल्याशिवाय ते सुरू करू नये. आठवड्याभरात बरे वाटले म्हणून ते एकदम बंद करणे तर धोक्याचेच. नसेची सूज उलटते आणि इतर त्रासही होतो. तितकेच धोक्याचे म्हणजे कुणीतरी दिलेले ‘ताकदीचे इंजेक्शन’ किंवा जुनी चिठ्ठी दाखवून परस्पर आणलेल्या गोळ्या.

दुसऱ्या प्रकारच्या, वारंवार उलटणाऱ्या रिअ‍ॅक्शनमध्ये क्लोफॅझिमिनचा डोस काही काळ वाढवतात. त्याने त्वचा काळसर होते, पण औषध थांबल्यावर हळूहळू पूर्ववत होते. थॅलिडोमाइड हे आणखी एक औषध. १९६० च्या दशकात जेरुसलेमचे डॉ. जेकब शेस्किन यांनी झोप यावी म्हणून ते एका रुग्णाला दिले आणि त्याच्या गाठी व ताप झपाट्याने ओसरले. पण याच औषधामुळे त्याआधीच्या काही वर्षांत युरोपात हजारो बालके हातपाय अपुरे घेऊन जन्मली होती. म्हणून गर्भवतीला ते कदापि देत नाहीत, आणि इतरांनाही तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच देतात.

मग गोळ्या खरोखर कधी बाधतात?

हा प्रश्न विचारणे योग्यच आहे, कारण गोळ्या बाधण्याचे एक गंभीर उदाहरण आहे. डॅप्सोन सुरू केल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांनी काही थोड्या रुग्णांना तीव्र ताप येतो, चट्टे असोत नसोत सर्वांगावर खाजरी पुरळ उठते, कातडी सोलते, डोळे पिवळे होतात, मानेत-काखेत गाठी येतात. ही डॅप्सोनची वावडी. येथे मात्र गोळ्या थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उलट रिफाम्पिसिन घेतल्यावर लघवी लाल होणे किंवा क्लोफॅझिमिनने रंग सावळा होणे यात घाबरण्यासारखे काही नाही. त्यासाठी औषध सोडू नये.

‘रोग पुन्हा उलटला’ या भीतीबद्दलही दोन शब्द. उपचार पूर्ण झाल्यावर रोग खरोखर परतणे दुर्मिळ आहे. परतला तरी तो बहुधा काही वर्षांनी, सावकाश, नव्या चट्ट्यांच्या रूपाने येतो. रिअ‍ॅक्शन एकाएकी येते, बहुधा उपचारानंतरच्या पहिल्या तीन वर्षांत येते, त्यात जुने चट्टेच सुजतात आणि स्टिरॉइडने लवकर उतरतात. फरक ठरवणे डॉक्टरांवर सोपवावे, पण दाखवायला उशीर करू नये.

कुठे दाखवावे?

या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. मिरजेत द लेप्रसी मिशनचे रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय गेल्या शतकापासून काम करीत आहे. मिरज व सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आशाताई आहेत. महाराष्ट्राने या कामात मोठी माणसे दिली. १९५१ साली स्थापन झालेल्या वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानच्या डॉ. वर्देकरांनी गावोगाव पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी एकत्र पद्धत बसवली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता त्याच्या दारी जाणे, हा त्यामागचा विचार. डिसेंबर २००५ मध्ये भारतात या रोगाचे प्रमाण दहा हजार लोकांमागे एका रुग्णाहून खाली आले. पण त्यानंतरही दरवर्षी नवे रुग्ण सापडतच आहेत. शिवाय ज्यांचे उपचार संपले त्यांचे नाव यादीतून निघते, त्यांच्या अंगातील मृत जंतू मात्र तेथेच असतात. उपचार संपला म्हणून तपासणी संपत नाही, ती यासाठी.

अनेक रुग्ण आजार घरच्यांपासून, मालकापासून लपवतात. लपवलेल्या आजारात रिअ‍ॅक्शन आली की तीही लपवली जाते, आणि तेवढ्यात नस जाते. रिअ‍ॅक्शन मुळीच सांसर्गिक नाही. अशा रुग्णाचे ताट वेगळे करण्याची गरज नाही. त्याला दवाखान्यात नेण्याची गरज आहे.

लक्षात ठेवा

१. चट्टे एकाएकी लाल होणे, नव्या दुखऱ्या गाठी, नसेचा ठणका, हातापायाला मुंग्या किंवा कमजोरी : दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा.

२. डोळा लाल होऊन दुखत असेल, अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

३. कुष्ठरोगाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. सर्वांगावर पुरळ, ताप व कावीळ असेल तर मात्र गोळ्या थांबवून लगेच रुग्णालयात जा.

४. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी “मला कुष्ठरोगाचे औषध चालू आहे” किंवा “पूर्वी चालू होते” हे पहिल्या वाक्यात सांगा. कार्ड जवळ ठेवा.

५. स्टिरॉइड स्वतःच्या मनाने सुरू करू नका, स्वतःच्या मनाने थांबवू नका.

६. बधिर हाताने गरम भांडे, विडी, तापलेला पत्रा धरू नका. बधिर पायात मऊ तळव्याची चप्पल घाला. रोज रात्री तळहात, तळपाय पाहून घ्या.

७. उपचार संपल्यावरही काही वर्षे दर काही महिन्यांनी हात, पाय आणि डोळे यांची वरील परीक्षा देत राहा.